बाटली खोटं बोलत नाही

माझ्या भावाच्या, अण्णाच्या, बाटलीत दोन पदार्थ एकत्र राहायचे. एक सोडियम अ‍ॅझाइड आणि दुसरं आयोडीन. दोन्ही पाण्यात विरघळवलेली, कोऱ्या चहाच्या रंगाची ती बाटली महिनोन्‌महिने कपाटात बसून असायची आणि आत काही म्हणता काही घडायचं नाही. ‘एका घरात राहून अबोला धरलेल्या जावा’ असं त्या दोघींचं वर्णन आत्यानं केलं होतं. मी पुढे जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, पण याहून बरी उपमा मला सापडली नाही.

“आणि मग ह्यांचं भांडण लावतंय कोण?” आत्यानं तेव्हा विचारलं होतं.

“गंधक,” अण्णा म्हणाला. “कणभर गंधक नुसतं आत आलं की दोघी एकमेकींवर तुटून पडतात. रंग उडतो, बुडबुडे येतात. आणि गंमत म्हणजे गंधकाला स्वतःला काही होत नाही. भांडण लावून ते नामानिराळं.”

“म्हणजे माझ्यासारखी नणंद म्हण की!” आत्या म्हणाली, आणि स्वतःच एवढी हसली की चुलीवरचं दूध उतू गेलं.

ती खरंच आमच्या आईची नणंद होती. आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, धाकटी बहीण. तिला गुंजीला दिलेलं होतं. संसार मांडायच्या आतच तो मोडला आणि ती बेळगावला भावाकडे परत आली, केस उतरवून, लाल आलवण नेसून. मला कळायला लागलं तेव्हापासून ती आमच्या स्वयंपाकघरात होती. माझी वेणी तिनं घातली, माझे लाड तिनं केले, आईचा मार चुकवायला मी लपायची ती तिच्याच पाठीमागे. घरात तिच्या नावावर काही नव्हतं, कुठल्या गोष्टीत तिचं मत कुणी विचारत नव्हतं. चूल मात्र तिची होती. आप्पांसारखे कोर्टात गरजणारे वकीलसुद्धा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभे राहून “आज काय केलंयस?” म्हणून मऊ आवाजात विचारायचे. तेवढ्या त्या प्रश्नावर ती बाई जगत होती, असं मला आता वाटतं.

नैवेद्याच्या आधी चव घेता येत नाही, म्हणून आमटीत मीठ कमी आहे की जास्त हे ती वासावरून सांगायची. मिठाला वास नसतो हे मी तिला पुढे शास्त्राचं पुस्तक दाखवून सांगितलं. ती म्हणाली, “पुस्तक लिहिणाऱ्यानं आमटी केली न्हाय कधी.”

आणि तिची धाबळी. आता धाबळी म्हटलं तर नातवंडांना समजावून सांगावं लागतं. सोवळ्यात स्वयंपाक करायचा तर धुऊन वाळवलेलं सुती लुगडंसुद्धा चालत नाही, कुणाचा तरी हात लागलेला असतो. एक तर अंगावर पाणी घेऊन तसंच ओलं लुगडं नेसून चुलीपुढं बसायचं, नाही तर लोकरीचं वस्त्र नेसायचं. लोकरीला विटाळ नाही. ते लोकरीचं वस्त्र म्हणजे धाबळी. आत्याची धाबळी करड्या रंगाची होती, ती परत आली त्या वर्षी तिच्या वडिलांनी घेऊन दिलेली. उंच वळणीवर टाकलेली असायची. सकाळी आंघोळ करून ती काठीनं ओढून घ्यायची आणि नेसून आत गेली की मग तिला कुणी शिवायचं नाही. लहानपणी मी कितीदा तरी धावत जाऊन तिला मिठी मारली. ती रागवायची नाही. “आलं का माकड,” म्हणायची आणि पुन्हा आंघोळीला जायची.

अण्णा बंगळूरला शिकून आला आणि बेळगावच्या कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागला, ते दुसऱ्या लढाईच्या आधीचं एखादं वर्ष असेल. त्याला अ‍ॅझाइडनं झपाटलं होतं. जेवताना, दाढी करताना, आप्पांचे पक्षकार ओसरीवर बसलेले असताना, केव्हाही तो त्यावर सुरू व्हायचा. तीन नत्र, म्हणे, एका सरळ रेषेत उभे असतात आणि तिघांत मिळून एक विद्युतभार असतो. दिसायला ते पांढरं मीठ. वागायलाही बरंचसं मीठच. चांदीच्या क्षारात घातलं की मिठासारखाच पांढरा साका बसतो, डोळ्यांनी फरक सांगता येत नाही. पण मिठाचा साका वाळवून ठेवला तर राहतो, अ‍ॅझाइडचा वाळला आणि नुसता खरवडला तरी हात जातो. शिशाबरोबरच्या अ‍ॅझाइडवर तर सुरुंगाच्या टोप्या उडतात. आम्ल टाकलं की असा वायू सुटतो की माणसाचं डोकं भणभणतं आणि छातीत धडधडतं. हे सगळं ऐकून आईनं फर्मान काढलं की ती पांढरी पूड घरात येता कामा नये. पूड कॉलेजात राहिली आणि घरी ओसरीच्या कपाटात आली ती फक्त चहाच्या रंगाच्या पातळ द्रावणाची बाटली.

“हिच्यातून निघतो तो नुसता नत्रवायू,” अण्णानं आईची समजूत घातली. “आपण श्वासात घेतो तोच. हिला घाबरायचं काही कारण न्हाय.”

तो भाद्रपद होता. आजोबांच्या पक्षाला निपाणीहून थोरले काका आले होते, आप्पांचे आणि आत्याचे मोठे भाऊ. निपाणीत त्यांची तंबाखूची वखार होती. त्यांच्या अंगाला, कपड्यांना, उपरण्याला बारा महिने तंबाखूचा वास यायचा, आणि तो वास घेऊन ते देवापुढे तासभर बसायचे. तंबाखू सोवळ्यात कुठं बसते हे मला कधी कळलं नाही. बाकी सोवळं मात्र त्यांचं फार कडक. चातुर्मासात आमच्या घरी कांदा-लसूण येत नसेच, काका यायच्या आठवड्यात तर भाजीवालीला दाराशीही येऊ देत नसत.

त्याच पावसाळ्यात आत्याचे गुडघे धरले होते. वैद्यांनी दुधात लसूण शिजवून घ्यायला सांगितलं. तिनं कानांवर हात ठेवले. “गुडघे गेले तरी चालतील,” म्हणाली. वैद्य आईला हळूच म्हणाले की औषध म्हणून घेतली तर दोष नसतो, हवं तर न सांगता द्या. आईनं दिली नाही. पण हे बोलणं घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि घरात माहीत असलेली गोष्ट काकांना माहीत व्हायला एक जेवण पुरत असे.

पक्षाच्या आदल्या दिवशी दुपारची जेवणं झाली. पाऊस उघडला होता. अण्णाला काकांपुढे आपली विद्या दाखवायची हुक्की आली. त्यानं बाटली काढली, काचेच्या पट्टीवर थेंब टाकले, भिंग काढलं. कुठून तरी एक लसणीची पाकळी आणली होती, ती ओसरीच्या पायरीखालीच ठेवून काचकांडी तिच्यावर घासली आणि थेंबात बुडवली. बुडबुडे सळसळत वर आले, तपकिरी रंग फिका पडला. काका भिंगावर वाकून बघतच राहिले.

आता इथं अण्णानं म्हणायला हवं होतं, हे गंधक ओळखणारं औषध आहे. पण तो पडला विनोदी. तो म्हणाला, “काका, हे लसूणचोर पकडायचं औषध!”

सगळे हसले. मीसुद्धा हसले, मॅट्रिकच्या वर्गातली मुलगी, मला काय कळत होतं. काका म्हणाले, “बघू तर मग, घर किती सोवळं हाय ते.” अण्णानं काचकांडी धुतली, काकांच्या बोटावरून फिरवली, नव्या थेंबात धरली. काही नाही. मग आप्पा. मग आई, मग मी. थेंब तसेच तपकिरी. तेवढ्यात आत्या मागचं आवरून, हात धुऊन, ते धाबळीच्या पदराला पुसत ओसरीच्या दाराशी आली. सोवळं सरलं होतं, ती धाबळी सोडायलाच निघाली होती.

“आत्या, बोट पुढं कर,” अण्णा म्हणाला.

“मला कशाला रे तुझी ती बाटली,” म्हणत तिनं बोट पुढे केलं. त्यानं कांडी फिरवली आणि थेंबात धरली.

बुडबुडे आले. लसणीइतके जोरात नाहीत, बारीक बारीक, एका जागी गोळा झालेले. अण्णा आधी हसला. मग त्यानं वर आमच्या तोंडांकडे पाहिलं आणि त्याचं हसू गेलं.

“मी न्हाय खाल्ली,” आत्या म्हणाली.

काका म्हणाले, “मग ही बाटली खोटं बोलतीय व्हय रे?”

“बाटली खोटं बोलत न्हाय काका, पण...”

ते ‘पण’ कुणी ऐकून घेतलं नाही. अण्णा घाईघाईनं सांगू लागला की हे औषध गंधकाचं आहे, गंधक मोहरीत असतं, मुळ्यात असतं, हिंगात असतं. आत्यानं आमटीला हिंग घातला असेल, तो बोटाला राहिला असेल. आप्पा वकील. त्यांनी शांतपणे विचारलं, “हिंगाची आमटी आपण सगळ्यांनीच हातानं कालवून खाल्ली. मग बुडबुडे तिच्याच बोटाला का?”

अण्णा काचकांडीच पुन्हा धुवायला लागला. आप्पांनाही तो प्रश्न जिंकायचा नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. सवयीनं विचारला त्यांनी. कोर्टात विचारतात तसा.

दुसऱ्या दिवशी पक्षाचा स्वयंपाक आईनं केला. काकांनी सांगितलं होतं की हिच्या हातचं पितरांना चालायचं नाही. आत्या मागच्या पडवीत पाट घेऊन बसली. धाबळी वळणीवर होती. आईला एवढ्या पानांची सवय नव्हती, ती गोंधळली होती. मधेच पडवीतून आवाज आला, “भात लागायलाय गं!” आई धावली. भात खरंच खाली लागला होता. काका देवघरातून म्हणाले, “तिला म्हणावं, तोंड मिटून बस.”

मला त्या माणसाचा आजही राग येतो. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण मी बोलते.

पक्ष झाला आणि काकांनी ठरवलं की विधवेचं खरं घर सासरचं, तिनं गुंजीला दिराकडे जाऊन राहावं. औषधाला म्हणून खाल्ली असती तर चाललं असतं, म्हणाले, पण खाऊन नाही म्हणते हे वाईट. आप्पांनी मान खाली घातली. वडील भावापुढे बोलायची त्यांच्यात रीत नव्हती. आई रडली. अण्णा काकांच्या पाया पडला, “चूक माझी हाय, मी चेष्टा केली,” म्हणाला. काका त्याला म्हणाले, “तुझी चूक कसली? तू तर खरं काय ते दाखवलंस.”

स्टेशनावर आत्याचं बोचकं माझ्या हातात होतं. धाबळी तिनं स्वतःच्या काखेत धरली होती, कुणाचा हात लागू नये म्हणून. गाडी आली तेव्हा ती अण्णाला म्हणाली, “तुझी बाटली खोटं बोलत न्हाय म्हणतोस. मग मीच बोलत असीन बाबा.” ती चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिनं ते खरंच स्वतःला विचारून पाहिल्यासारखं म्हटलं.

पुढची वर्षं मी फार सांगत नाही. आमच्या घरात जेवण होत होतं, पण उंबऱ्याशी उभं राहून “आज काय केलंयस?” असं आप्पांनी आईला कधी विचारलं नाही. अण्णाची चेष्टामस्करी संपली. तो कॉलेजात जायचा, यायचा, अ‍ॅझाइडचं नाव काढायचा नाही. मी इंटरला सायन्स घेतलं तेव्हा आप्पांना वाटलं अण्णाच्या नादानं घेतलं. मी घेतलं ते वेगळ्याच हट्टानं. त्या थेंबात काय झालं होतं ते मला स्वतःला बघायचं होतं. थोरले काका मधल्या काळात निपाणीला वारले. शेवटच्या आजारात त्यांना खोकल्यावर लसणीचा काढा दिला होता असं काकू आईजवळ बोलल्या. आई घरी येऊन भांडी घासत बसली.

लढाई ऐन भरात होती तेव्हाची गोष्ट. कॅम्पातल्या पलटणींना कांबळी पुरवणाऱ्या एका व्यापाऱ्याचं आणि लष्कराचं वाजलं होतं. कांबळी शुद्ध लोकरीची की आत सूत मिसळलंय, हे बघून सांगा म्हणून तुकडे कॉलेजात आले. सरांनी ते अण्णाकडे दिले. मी तेव्हा त्याच्याच वर्गात होते, आम्ही दोघीच मुली, मागच्या बाकावर. धागा जाळून वास घ्यायची साधी रीत आहे, ती अण्णानं केली. मग त्यानं एक जाड पुस्तक उघडून वाचलं. कपाटातून त्यानं अ‍ॅझाइडची जुनी शिशी काढली. लढाईमुळे जर्मन माल बंद झाला होता, तळाशी राहिली होती तेवढीच पूड. त्यानं आयोडीनमध्ये ती विरघळवली, दोन थेंब टाकले. एकात सुताचा धागा. काही नाही. दुसऱ्यात लोकरीचा.

मी मागून उठून आले होते. धाग्याच्या अंगावर बारीक बारीक बुडबुडे धरले होते, एका जागी गोळा झालेले. मी ते पूर्वी पाहिले होते.

अण्णा स्टुलावर बसला. “लोकरीत गंधक असतं गं,” म्हणाला. “केसात असतं, नखात असतं, लोकरीत असतं.” आणि मग वर्गातल्या मुलांसमोर, “धाबळीला हात पुसले होते तिनं.”

धाबळीची एक तूस, लोकरीचा बारीकसा तंतू. भिंगाखाली धाग्याएवढीही नसेल. जे वस्त्र नेसून ती आयुष्यभर सोवळं पाळत आली, त्याच वस्त्रानं तिला खोटं ठरवलं. बाटली खरंच खोटं बोलली नव्हती. तिला विचारलं होतं, गंधक आहे का, आणि ती ‘आहे’ म्हणाली होती. लसूण आमची होती, अण्णाच्या विनोदातली आणि काकांच्या डोक्यातली. आणि मला काही या शोधानं आनंद झाला नाही, मला अण्णाला बदडून काढावंसं वाटलं. मग मी त्याच्याकडे बघितलं आणि त्याच्याशेजारी बसले.

त्या रात्री आप्पांना सांगितलं. ते ऐकून घेईपर्यंत त्यांच्या हातातला पानाचा विडा तसाच राहिला. म्हणाले, “जा आणि घेऊन या तिला.” पण त्याच आठवड्यात ते स्वतः आजारी पडले, मग एकामागून एक अडचणी निघत गेल्या. लढाई संपली. आप्पा सावरायला वर्ष गेलं. आम्ही गुंजीला निघालो ते देश स्वतंत्र झाला त्याच्या आदल्या वर्षी, आषाढात.

गुंजीचा पाऊस बेळगावच्या पावसासारखा नाही. तो उघडतच नाही. स्टेशनावरून दिरांच्या घरापर्यंत जाईतो आम्ही अंगभर भिजलो. आत्याला त्या घरात मागच्या पडवीत एक कोपरा होता, दोन दगडांची चूल, एक पितळी डबा. वाईट वागवत नव्हते तिला. घरच्या देवाचा नैवेद्य तीच करायची, आणि दीर आम्हाला म्हणालेसुद्धा, “वहिनींच्या हातची आमटी असली की देवसुद्धा लवकर उठतो.” म्हणजे एवढीशी का होईना, चूल तिनं पुन्हा मिळवली होती. ती फार वाळली होती. पाठीला बाक आला होता. धाबळी तीच, कडा विरलेली.

“माकड किती वाढलंय,” मला म्हणाली, आणि मी तिला शिवू नये म्हणून एक पाऊल मागे सरली.

अण्णानं बरोबर बाटली आणली होती, काचपट्टी आणि भिंगही. मी गाडीत म्हटलं होतं, नुसतं सांग, दाखवायला कशाला हवं? तो म्हणाला, “दाखवल्यानंच गेलंय गं ते, दाखवल्याशिवाय कसं परत येईल?” जेवणं झाल्यावर त्यानं आत्याकडे धाबळीचा एक धागा मागितला. तिनं विरलेल्या कडेचा ओढून दिला. तो थेंबात पडला आणि बुडबुडे आले. अण्णानं भिंग तिच्या हातात दिलं.

“अगं बाई,” ती म्हणाली. “लाह्या फुटायल्यात जशा.”

“हे तू न्हाय आत्या, ही धाबळी! त्या दिवशी तुझ्या बोटाला हिची तूस लागली होती. लोकरीत गंधक असतंय. तू खरंच बोलत होतीस.” त्यानं पुढे वाकून जमिनीला डोकं टेकलं.

आत्या बुडबुड्यांकडेच बघत होती. “गंधक म्हणजे लसणीत असतंय तेच?”

“तेच, तेच!” अण्णा रडत हसत म्हणाला. “अगदी तेच.”

“असं व्हय,” ती म्हणाली. मग धाबळीची विरलेली कड चाचपत, “आणि इतकी वर्सं मी देवाला...” पण अण्णा बोलतच होता, आप्पा किती वाट बघतायत, आईला आमटी कशी जमत नाही, स्वयंपाकघर कसं रिकामं वाटतं. आत्यानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. बेळगावला येशील ना विचारलं तर म्हणाली, “येते की. चातुर्मास सरू दे. आता मधेच देवाचं सोडून कसं यायचं?”

निघताना मी मागं बघितलं. ती पडवीत उभी होती. धाबळी सोडून आलवण नेसलेली, हसऱ्या तोंडाची. इतक्या वर्षांत तिला तशी बघितली नव्हती. आम्ही दोघं गाडीत गुंजीपासून बेळगावपर्यंत बोलत होतो की तिच्यासाठी चुलीचा ओटा नवा करून घ्यायचा, धूर जायला खिडकी काढायची. आप्पांनी दुसऱ्याच दिवशी गवंडी बोलावला. ओटा झाला. आई त्यावर स्वयंपाक करेना. “तिचा हाय, तिनंच पहिली चूल पेटवायची,” म्हणाली.

भाद्रपद उतरताना आत्याचे दीर आले. आम्हाला वाटलं तिला घेऊनच आले. ते एकटे होते, काखेत बोचकं होतं, आणि मयताचा निरोप घेऊन आल्यासारखं त्यांनी ओसरीवर चढायच्या आधी पाय धुवायला पाणी मागितलं नाही, तेव्हा आप्पांना कळलं.

सर्दीनं सुरुवात झाली, म्हणाले. मग ताप, मग छातीत कफ. आम्ही म्हणायचो वहिनी, ह्या पावसात ओलेत्यानं बसू नका. रोज पहाटे विहिरीवर लुगड्यासकट पाणी ओतून घ्यायच्या आणि तसंच ओलं चुलीपुढं बसायच्या, स्वयंपाक होईपर्यंत. कुडकुडायच्या. हातातली पळी वाजायची भांड्यावर.

“ओलेत्यानं?” आई म्हणाली. “आणि धाबळी?”

“धाबळीला हात लावला न्हाय त्यांनी ही दोघं येऊन गेल्यापासून,” ते म्हणाले. “आम्ही लई सांगितलं. म्हणाल्या, तिच्यात लसूण हाय म्हणं. आमच्या अण्णानं स्वतः दाखवलंय, आणि त्याची बाटली खोटं बोलत न्हाय.”

त्यांनी बोचकं सोडलं. वर धाबळी होती, घडी घातलेली, घडीत कडुलिंबाचा पाला. पितळी डबा, जपमाळ, असं काही बाही खाली होतं. गुंजीच्या त्या पावसात सगळ्या वस्तूंना बुरशीचा वास लागलेला, आणि धाबळी तेवढी कोरडी.

अण्णानं ती उचलून घेतली. त्याला सोवळ्याचं कुणी काही म्हटलं नाही. तो तशीच ती धरून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेला आणि आत न जाता उभा राहिला, आप्पा उभे राहायचे तिथंच. “मी गंधक म्हणालो होतो,” तो नव्या ओट्याकडे बघत म्हणाला. “ह्या वेळी मी गंधकच म्हणालो होतो गं, आत्या.”